बाबांच्या कपाळावरची खोक

दुसरीच्या बाईंना गोष्टी सांगायची भारी हौस, पण इतिहासाचा तास आला की त्यांच्या नाकी नऊ यायचे. 'फार फार वर्षांपूर्वी माणूस गुहेत राहत होता' असं त्यांनी म्हणायचा अवकाश, की दुसऱ्या बाकावरून हात वर.

"बाई, तुम्ही पाहिलंय?"

"नाही गं. मी तेव्हा नव्हते."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात लिहिलंय."

"आणि पुस्तकाला कुणी सांगितलं?"

हा हात भिंगाचा. जाड काचांचा चष्मा, आणि कुठलीही वस्तू नाकाला लावल्याशिवाय बघायची नाही ही खोड, म्हणून सगळा वर्ग तिला भिंग म्हणायचा. घरीही आता तेच नाव रुळलं होतं.

शेवटी एका सोमवारी बाईंनी फळ्यावरची गुहा पुसून टाकली. म्हणाल्या, "ठीक आहे. जो सांगायला हजर आहे, त्याचाच इतिहास शोधू. शुक्रवारी माझे बाबा येतील. त्यांच्या कपाळावर जुनी खोक आहे. ती कशी पडली, हे तुम्ही त्यांनाच विचारायचं. आणि ते सांगतील ते खरं कशावरून, हेसुद्धा."

बाईंना ती गोष्ट तोंडपाठ होती. बाबा पाचवीत असताना एक मुलगा विहिरीत पडला, बाबांनी मागचापुढचा विचार न करता उडी मारली, कपाळ दगडावर आपटलं, पण मुलगा वाचला. लहानपणी 'माझे बाबा' या निबंधात त्यांनी हे लिहिलं होतं आणि दहापैकी नऊ गुण मिळवले होते.

संध्याकाळी त्यांनी घरी बेत सांगितला. बाबा शिंपी. दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी गळ्यातली टेप काही सुटली नव्हती. शाळेत जायचं म्हटल्यावर ते खूश व्हायच्या ऐवजी सुईत दोरा ओवत बसले, तोही तीनदा चुकला. शेजारच्या गल्लीत राहणारी आत्या नेमकी तेव्हाच आली होती. बाबांहून दोन वर्षांनी मोठी, हॉस्पिटलात नर्स म्हणून तीस वर्षं काढलेली. तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा जपून बोलायचे.

"विहीर?" आत्या कडाडली. "कसली विहीर नि कसलं काय! साखरेचा डबा चोरायला फळीवर चढला आणि तोंडावर आपटला."

"ताई, झालं ते झालं. सोड ना," बाबा म्हणाले.

"का सोडू? शाळेत जाऊन पोरांना थापा ऐकवायच्या? मीही येणार शुक्रवारी. पुराव्यानिशी!"

बाई दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. नऊ गुणांचा निबंध त्यांच्या डोळ्यांसमोर डगमगायला लागला.

शुक्रवारी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, आत्या पिशवी छातीशी धरून. वर्गात खुर्ची एकच होती. ती आत्यानं घेतली. बाबा उभे राहिले आणि बाईंसारखीच मुलंही विहिरीत गुंगली. बाबांनी पाणी किती गार होतं ते सांगितलं, दोरी कशी तुटली ते सांगितलं. हे दोरीचं प्रकरण बाईंनीही पहिल्यांदाच ऐकलं. सगळ्यांनी एकेक करून कपाळाला बोट लावून पाहिलं. एकानं तर दाबून विचारलं, "अजून दुखतं?"

"झालं तुझं?" म्हणत आत्या उठली आणि पिशवीतून एक फोटो काढला. कृष्णधवल, कोपरे झिजलेले. शाळेसमोर तीन रांगांत मुलं, पुढच्या रांगेतल्या एकाच्या मांडीवर पाटी: 'इयत्ता पहिली ते चौथी'.

"हा मधल्या रांगेतला तुमचा आजोबा. दुसरीत. कपाळाला काय आहे?"

"पट्टी!" वर्ग ओरडला.

भिंगानं फोटो नाकाला लावला. पाटी वाचली. मग चष्मा सावरून म्हणाली, "आजोबा, उडी पाचवीत मारली ना? मग दुसरीत पट्टी कुठून आली?"

बाबांनी टेपशी चाळा सुरू केला. आत्या जिंकल्यासारखी खुर्चीत बसली. बाईंना बाबांची दया आली आणि रागही. तीस वर्षं मला विहिरीत ठेवलंत की हो, असं मनातल्या मनात म्हणून झालं.

पण भिंगाचं नाक अजून फोटोवरच होतं. "आणि मागच्या रांगेतली ही मुलगी कोण? दोन वेण्यांची?"

"ती मी," आत्या ऐटीत म्हणाली.

"तुमच्या गळ्यात पांढरं काय आहे?"

"कॉलर असेल."

आता कॉलर हा शब्द शिंप्यासमोर काढायचा नव्हता. बाबांनी सवयीनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. "कॉलर नाही ही. कॉलर अशी एका बाजूला ओढत नाही. हे शिवलेलं नाही, बांधलेलं आहे..." आणि एकदम थांबले. जीभ चावली. फोटो उलटा करून टेबलावर ठेवायला गेले, पण उशीर झाला होता.

"हात मोडल्यावर माझ्या दादाच्या गळ्यात असंच बांधलं होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

भिंगानं बिंग फोडलं होतं.

आत्या खुर्चीत सरळ झाली. पदवीदान समारंभातसुद्धा ती एवढी ताठ बसली नसेल. मग म्हणाली, "साखरेचा डबा काढायची कल्पना माझी. मी स्टुलावर, हा माझ्या खांद्यावर. दोघंही पडलो. आईला मी सांगितलं, हा एकटाच चढला होता, मी त्याला झेलायला गेले आणि हात मोडला. ह्याला मार बसला. मला शाबासकी. आणि साखर."

"सगळी?" एका पोरानं डोळे विस्फारले.

"वाटीभर."

बाईंनी बाबांकडे पाहिलं. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं की. मीच होतो ना तिच्या खांद्यावर."

"मग सांगितलं का नाही?" हे भिंग.

"तिचा हात मोडला होता," बाबा म्हणाले. "मोडक्या हातावर मार कशाला? पुढे कुणी खोकेबद्दल विचारलं, की साखरेचं निघणार. म्हणून मी विहीर काढली. विहिरीबद्दल कुणी फार विचारत नाही."

"आणि तू मला बोलू दिलंस? साठ वर्षं गप्प राहून तुला चोर म्हणू दिलंस?" आत्याचा आवाज भलताच बारीक झाला.

"तुला बोलायला आवडतं, ताई."

वर्ग खो खो हसला. आत्याही हसली, मग पदरानं नाक पुसलं आणि भावाला हाताला धरून खुर्चीत बसवलं. स्वतः उभी राहिली. बाईंनी खडू उचलला खरा, पण फळ्यावर काय लिहावं हे त्यांना घंटा होईपर्यंत सुचलं नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. टेबलावर पालकांच्या चार चिठ्ठ्या. एका वडिलांचं सहावीचं प्रगतिपुस्तक मुलानं माळ्यावरून शोधून काढलं होतं. एका आईला जेवताना विचारण्यात आलं होतं, की बाबा तुला आधी आवडले की तू त्यांना, आणि साक्षीदार कोण?

"बाई, हा इतिहासाचा तास आहे की पोलीस चौकी?" मुख्याध्यापक म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी जरा गुहेकडे परत चला."

बाई "हो" म्हणाल्या. गुहेचं चित्रही काढून ठेवलं.

पण शुक्रवारी त्या वर्गात शिरल्या, तेव्हा चिठ्ठीबिठ्ठी न पाठवता सात आजी-आजोबा येऊन बसले होते. दुसरीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. कुणाच्या हातात घड्याळ, कुणाच्या हातात गुंडाळलेला कागद, एकाच्या मांडीवर चक्क सायकलचा दिवा. आणि आधी कुणी बोलायचं, यावरून जोरदार भांडण जुंपलं होतं.

बाईंनी टेबलावर डस्टर आपटला. "गप्प बसा बघू सगळे! बोलायचंय त्यांनी हात वर करा."

सातही हात वर गेले.