खिडकीवर ठोकलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे आणि स्वभावाने फार संशयी आहे. नथू धनगराने चिंचोक्यांची खळ देऊन सूत कडक केले आणि मग मला विणले. त्या कडकपणातला थोडा माझ्या मनातही उतरला असावा.

वलवणच्या रखमाजी आबांनी मला बाजारातून विकत घेतले, तेव्हाच मला शंका आली, की हा म्हातारा मला बैलाच्या पाठीवर टाकणार. पण त्यांनी मला स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि पुढची नऊ वर्षे खाली ठेवले नाही. पावसात मी त्यांची खोळ झाले, थंडीत पांघरूण झाले. खोटे कशाला बोलू, ते मला फार आवडायचे. एका भाद्रपदात ते मलाच पांघरून निजले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या बायकोने, कस्तुराबाईने, मला घडी घालून माळ्यावर टाकले.

रेल्वेची गाडी विजेवर धावू लागून तेव्हा चारेक वर्षे झाली होती. त्याच वर्षी मार्गशीर्षात सून नंदा बाळंत झाली. तिला माहेर नव्हते, म्हणून पहिले बाळंतपण सासरीच झाले. थंडी अशी, की सकाळी गावच्या धरणावरचे धुके दुपारपर्यंत हलत नसे.

कस्तुराबाई लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यात कामाला जायची. तिथली हिवाळ्यातली सजावट तिने डोळे भरून पाहिली होती. दारांना जाड पडदे, पायाखाली गालिचा, भिंतीत पेटलेली आग! "माझ्या सुनंची खोली बी तशीच करनार," असे तिने शेजारणींना सांगून टाकले. मग तिने जुन्या लुगड्यांचे दुहेरी पडदे शिवले. भुईवर पोती आणि वर सतरंजी अंथरली. कौलांखाली चादरींचे छत बांधले, भिंतीच्या भेगा शेणामातीने लिंपल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. बाळंतिणीला वारा लागेल, हा आमच्याकडचा धाकच आहे. रिवाजाप्रमाणे बाजेखाली शेकाची शेगडीही आली. लेक अंबाजीने शेगडीसाठी पोतेभर कोळसा आणून टाकला. बंगल्यातल्या आगीच्या डोक्यावर धुराडे असते, हे मात्र कस्तुराबाईच्या ध्यानात आले नव्हते.

उरली एक लहानशी खिडकी. तिच्यावर चार खिळे मारून मला ठोकले. मला तो अपमान वाटला. पण तिथून सगळी खोली दिसायची, म्हणून मी पहारा सुरू केला. शेजारणी खोली बघायला येत आणि "लय झ्याक!" म्हणत. मला वाटे, नजर लावायलाच येतात मेल्या.

तिसऱ्या दिवशी नंदा म्हणाली, "आत्याबाई, डोकं लय ठनकतंय. मळमळतंय बी."

"गारठा बाधला आसंल," म्हणून कस्तुराबाईने शेगडीत आणखी कोळसा घातला.

पाचवीची पूजा झाली आणि बाळ दूध ओढेनासे झाले.

सरुबाई सुईण रोज सकाळी यायची. दार उघडायची, मायलेकरांना न्हाणीत नेऊन तेल लावायची, न्हाऊ घालायची. तेवढा वेळ दोघेही टवटवीत दिसत. ती गेली, दार लागले, की पुन्हा माना टाकत. कस्तुराबाईने आणि मी एकच हिशेब मांडला: ही बाई जाताना काहीतरी करून जाते.

सातव्या सकाळी कस्तुराबाई दारात आडवी उभी राहिली. "आत पाय ठिवू नगंस."

"आगं कस्तुरे, तुझा अंबाजी बी माझ्याच हातावर जलमला," सरुबाई म्हणाली. तिला आत शिरता आले नाही. पण ती घरी गेली नाही. दिवसभर अंगणात बसून राहिली. ती बाहेरच राहिली, याचे मला बरे वाटले. हे सांगताना आज लाज वाटते.

त्या दिवशी अंघोळ झाली नाही, दारही उघडले नाही. दिवेलागणीला कस्तुराबाईने आत येऊन नंदाला हाक मारली, तिने ओ दिली नाही. बाळाला उचलले, तर मान एका बाजूला कलली. कस्तुराबाई किंचाळली. तिने चारी भिंतींकडे पाहिले आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"म्हाताऱ्याची घोंगडी! त्यो हिच्यातच गेला. आता नातवाला न्यायला बसलाय!"

बाळाला बाजेवर ठेवून तिने मला खसकन ओढले. खिळ्यांनी माझे चारी कोपरे फाटले. दार उघडून तिने मला अंगणात भिरकावले आणि काड्यापेटी घेऊन माझ्यामागे आली. काडी ओढणार, इतक्यात आतून बाळ रडले. आधी मांजराच्या पिल्लासारखे बारीक, मग चांगले खणखणीत.

"बगितलंस? ह्या घोंगडीतच व्हतं!" कस्तुराबाई ओरडली.

पण सरुबाई एव्हाना आत शिरली होती. नंदाला दारापाशी आणून बसवून, फडक्यात धरून पेटती शेगडी घेऊनच ती बाहेर आली. "कस्तुरे, भूतबीत काय न्हाई. समदी भोकं बुजवलीस आन निखारं आत ठिवलंस. श्वास कुटनं घ्यायचा त्यांनी?"

कस्तुराबाई मटकन खाली बसली. "माज्याच हातानं मारत व्हते मी," म्हणून ती रडू लागली. मग डोळे पुसून तिने खालच्या आवाजात विचारले, "उद्या येशील का?"

सरुबाईने शेगडी अंगणात दूर नेऊन ठेवली. मग म्हणाली, "पानी तापवून ठिव."

मित्रांनो, मी शेजारणींवर संशय घेतला, त्या निष्पाप सुईणीवर घेतला. हवेची शेवटची वाट अडवून बसले होते ती मीच, आणि ते माझ्या मनातही आले नाही. हिवाळ्यात घर जरूर सजवा. पडदे लावा, गालिचे अंथरा, मला पांघरा. पण घरात निखारे असतील, तर खिडकीवर मला ठोकू नका. आणि कुणी ठोकलेच, तर पहिला संशय माझ्यावर घ्या.