दहा नंबरची बाटली

खंडेनवमीला मला लॅबवर पोचायला साडेदहा वाजले. राजनंदिनीच्या अंगात पहाटेपासून कणकण होती. माझं दीड वर्षाचं लेकरू. सासूबाई म्हणाल्या, "दात येत असतील, जा तू." तरी मी तीनदा ताप मोजला आणि मगच घाटनांदूरची गाडी धरली.

आमची टिश्यू कल्चरची लॅब म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड, आत काचेच्या दोन खोल्या. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, म्हणून देखरेख माझ्याकडे. लॅब चालते केळीच्या रोपांवर, पण माझा जीव उपळसरीत. डोंगरातल्या एका वेलाची मुळी इतकी सुवासिक होती की त्याच्याच तुकड्यांपासून मी बाटल्यांमध्ये रोपं वाढवली. पुढं तो वेल कुणीतरी मुळासकट उपटून नेला. उन्हाळ्यात एसी बंद पडला तेव्हा निम्म्या बाटल्याही गेल्या. उरलेल्या रोपांचे तुकडे करून त्या दिवशी नव्या चाळीस बाटल्यांत लावायचे होते. त्या गेल्या की आमची उपळसरी संपली.

लावणी केशरबाई करतात. अठरा हंगाम ऊस तोडलेली बाई. आधी बाटल्या धुवायला आल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या हातात चिमटा आणि पातं दिलं. पेराच्या खाली नेमकं कुठं कापायचं, ते मला सांगावंच लागलं नाही.

मी आत गेले तेव्हा चाळीस बाटल्या लावून झाल्या होत्या. लावणीच्या टेबलामागे एक जाळी असते, तिच्यातून गाळलेली शुद्ध हवा कामावर येत राहते. टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात मला झेंडूचं फूल दिसलं.

"केशरबाई, इथं फूल कुणी आणलं?"

"म्या." त्या हात पुसत उभ्या राहिल्या. "आज खंडेनवमी न्हाई का. इतकी वर्सं कोयत्याला हळदी-कुंकू वाहिलं. आता माझं हत्यार हेच पातं हाय. एक फूल ठिवलं जाळीपाशी."

"अहो, वारा त्या फुलावरून थेट उघड्या बाटलीत जातो."

"कळलं मला. नऊ बाटल्या झाल्यावर बघितलं, पाकळी माझ्याकडं वाकून हालतीय. म्हनलं, अगं बया, वारा तर फुलावरून येतोय. फूल काढलं, टेबल इस्पिरीटनं पुसलं, अर्धा घंटा हवा नुस्ती चालू ठिवली. पातं नवं घेतलं अन् मग धाव्वी लावली. नऊपातुर खराब हायत. त्या खालच्या फळीवर येगळ्या ठिवल्यात. पुढच्या चांगल्या हायत."

मला विश्वास ठेवायचा होता. पण फुलावरची बुरशी डोळ्यांना दिसत नाही, आणि माझा स्वभाव असा की दार लावलं तरी पुन्हा जाऊन बघायचं.

तेवढ्यात मोहनराव नारळ घेऊन आले. लॅबचे मालक. त्यांना सांगणं भाग होतं.

"सगळ्या फेका, मॅडम," ते म्हणाले. "बुरशी केळीच्या बाटल्यांत गेली तर हंगाम बसंल. अन् उद्यापासून इथं दुसरं माणूस बघा."

केशरबाईंनी डोक्यावरची टोपी काढली. "मुकादमाचा फोन आलताच," त्या हळूच म्हणाल्या. "दिवाळी झाली की टोळी निघतीय."

माझ्या तोंडून कसं निघालं, माहीत नाही. "भाऊ, सात दिवस द्या. चाळीसही बाटल्या मागच्या खोलीत ठेवते. दहापासून पुढची एक जरी बिघडली तरी मीच फेकते. ह्यांचंही तेव्हाच ठरवा."

"लई बारकाईनं बघता म्हणून तुमाला ठेवलं, अन् आता तुमीच असं म्हणता?" त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. "बरं, सात. आठवा न्हाई."

तिसऱ्या दिवशी दोन नंबरमध्ये पांढरे तंतू दिसले. चौथ्या दिवशी एक, पाच आणि सात. केशरबाई त्या खोलीत यायच्या नाहीत. धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे कमरेवर घेऊन दारातूनच विचारायच्या, "कितवी?" मी नंबर सांगितला की मान हलवून जायच्या.

सहाव्या दिवशी चौदा नंबरच्या तळाशी पांढुरकं काहीतरी दिसलं. मी ती बाटली खिडकीपाशी नेली, भिंगाखाली धरली, फिरवून फिरवून पाहिली. रोपांना खाद्य म्हणून घातलेल्या जेलीचा न विरघळलेला खडा होता. बाटली परत तेराच्या शेजारी ठेवली आणि पुन्हा एकदा वाकून पाहिली.

सातव्या दिवशी मोहनरावांनी चष्मा लावून एकेक बाटली स्वतः उजेडात धरली. पहिल्या आठ बुरशीनं भरलेल्या. नऊमध्ये टाचणीएवढा काळा ठिपका. दहा नंबर त्यांनी बराच वेळ फिरवली. स्वच्छ जेली, चार हिरवी पेरं, त्यांतल्या दोन पेरांच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढे कोंब. पुढं थेट चाळीसपर्यंत तसंच.

"हे पुस्तकात हाय का, मॅडम? वाऱ्याचं?"

"आहे. मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ह्यांनी नुसतं पाहून ओळखलं."

मोहनराव दाराकडं वळले. "केशरबाई, मुकादमाला काय सांगितलं?"

"म्हनलं, सात दिस थांब."

"आता सांगा, येत न्हाई म्हणून."

"तुमीच सांगा की. माझ्यावर वरडतो त्यो, तुमच्यापुढं हात जोडतो."

मोहनराव मोठ्यानं हसले आणि तिथंच उभं राहून त्यांनी फोन लावला.

पुढच्या आठवड्यात वडवणीकडच्या दोन पदवीधर मुली शिकायला आल्या. मी त्यांना केशरबाईंच्या हाती दिलं आणि काचेबाहेर उभी राहिले. मला आत कुणी हाक मारत नव्हतं, तरी हलावंसं वाटेना. ही बाई मी निवडली होती, हे रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

केशरबाईंनी शिवणाचा एक धागा जाळीपुढं धरला. तो त्यांच्याकडं आडवा उडू लागला.

"मावशी, तुमचं शिक्षण किती झालं?" एकीनं विचारलं.

"आधी धागा बघ, कुठं चाललाय," केशरबाई म्हणाल्या. "शिक्षान जेवताना सांगते."

दुसरी फिसकन हसली. विचारणारीनं मुकाट्यानं मान वळवली आणि धागा बघायला लागली.