खुशालची मेढ

कोसमधऱ्याच्या तलावाचं पाणी माघात मागे सरायला लागलं, की ढिवरांची बिऱ्हाडं त्याच्या मागोमाग तलावाच्या पोटात उतरत. पाणी पुढे, माणसं मागे. लेक सासरी निघावी आणि मायनं शिवेपर्यंत तिच्या मागेमागे जावं, तसं. उघड्या पडलेल्या गाळावर दहा-बारा खोपटी उभी राहत. पऱ्हाट्यांचे कूड, सिंदीच्या फड्यांचं छप्पर आणि मधोमध छप्पर पेलणारी, धावड्याच्या लाकडाची एक जाड मेढ. गाव दीड कोस दूर. जाळं टाकायचं, राखायचं, ओढायचं, तर पाण्याशेजारीच बिऱ्हाड हवं. चार महिने तिथंच चूल, तिथंच अंथरूण, तिथंच लेकरांची भांडणं.

आणि मे महिन्याच्या शेवटच्या तारखेला सगळं उचलून काठावर यायचं, असा पाटबंधारे खात्याचा कायदा. एका साली कोणाचं तरी छप्पर चढत्या पाण्यानं उचललं, वाहत नेलं आणि कालव्याच्या दारात अडकवलं. तेव्हापासून साहेब कडक झाले. शेवटच्या तारखेला ज्याचं लाकूड तलावात दिसेल, त्याला पुढच्या साली मासे धरायचा परवाना नाही.

कायदा खात्याचा होता, तसा एक ढिवरांचाही होता. तो कोणी लिहून काढला नव्हता, पण मोडलाही नव्हता. ज्यानं मेढ रोवली, त्यानंच ती उपटायची. कूड कोणीही काढा, छप्पर कोणीही उतरवा. मेढीला हात त्याचाच. रोवताना तो बुडाशी मूठभर तांदूळ टाकी, आणि बायका हळदीचं बोट लावून म्हणत –

*मेढीबाई मेढीबाई, पाण्याघरची पाव्हनी,*
*ज्यानं आनली हातानं, त्याच्याच हाती जावनी.*

आणि तो नसला तर? नसला म्हणजे गावी गेला, आजारी पडला, तसं नव्हे. नसलाच तर. तर बायको उपटते. एकदाच. मेढ काढायची आणि त्याच पाण्यात उभं राहून बांगड्या फोडायच्या. शकुबाईनं बारा सालांआधी तसं केलं होतं. म्हणून अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या मे महिन्यात शकुबाई आपल्या सुनेच्या, पंचफुलेच्या, हातांकडे पुन्हा पुन्हा पाही आणि नजर चोरी.

पंचफुलेचा नवरा, खुशाल, सेवाग्रामच्या दवाखान्यात होता. वैशाखातल्या एका सकाळी डोंग्यात उभा राहून जाळं ओढता ओढता त्याचं तोंड वाकडं झालं, उजवा हात गळाला आणि भरल्या जाळ्यावरच तो आडवा झाला. बैलबंडीनं हिंगणीपर्यंत, तिथून मोटारीनं पुढे. डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, जीव वाचला, हातापायाचं आत्ताच सांगता येत नाही.

आज एकतीस तारीख. बाकी सगळी खोपटी काठावर गेली होती. पंचफुलेचंही छप्पर उतरलं, कूड गेले, चूलसुद्धा उचलली. उरली मेढ. एवढ्या मोठ्या उघड्या गाळात एकटीच, काहीच न टेकलेली. दुरून वाटे, कोणी माणूस उभा आहे आणि त्याला हाक ऐकू येत नाही.

"काय करतं वं पंचफुले?" नत्थूजी म्हणाला. तो ढिवरांत सगळ्यांत जुना. तंबाखू मळत कधीचा उकिडवा बसला होता. "साहेब आज येनार हाये."

"तुम्हीच सांगा नं बाबाजी. म्या कुठून आनू त्यायचा हात?"

"हात आनता येत नाई. हात लागलेली वस्तू आनता येते." नत्थूजीनं तंबाखू दाढेत सारली. "हा दोर घे. त्याच्या हाती दे. तो दोर मेढीले बांधून तू वढजो. वढनारी तू, हात त्याचा."

"असं चालते?"

"चालते म्हनलं तं चालते. मी म्हातारा झालो तो कायच्यासाठी?"

कोणी हसलं नाही. पंचफुलेनं दोर वेटोळून पदराखाली घेतला. तलावाचा चौकीदार लहानू सायकलवर बसून होता. तो ढिवर नव्हता, पण या लोकांत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"लहानूभाऊ, दिवस बुडेपर्यंत हाये नं टाइम?"

"दिवस बुडेपर्यंत म्या पाहतो, वहिनी. तुम्ही जा. लवकर येजा मात्र."

शकुबाई मेढीच्या सावलीत बसली. बोटभर सावली ती. "जाय," म्हणाली, "मी हाये इथं."

हिंगणीच्या मोटारीनं वर्धा, तिथून सेवाग्राम. वाऱ्यानं वाळलेली पानं रस्त्यावरून मोटारीच्या पुढे पळत होती. दवाखान्याच्या दारात गोऱ्यापान सिस्टरनं तिला अडवलं.

"बाई, हे काय? दवाखान्यात दोर कायले?"

"हात लावाले."

"कोणाले?"

"मालकाले."

सिस्टरनं तिच्याकडे नीट पाहिलं. दोर पाहिला. असल्या चेहऱ्याची आणि असल्या दोराची एखादी जुनी गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे आली असावी. "अन् मग काय करनार याचं?"

"मेढ उपटनार."

सिस्टरला काहीच कळलं नाही. पण दोर गळ्याचा नाही, एवढं कळलं. "जा, पन दोर पदराखालीच ठेव."

खुशाल खाटेवर उशीला टेकून बसवलेला होता. दाढी कोणीतरी केली होती, अर्धीच नीट. तिला पाहून त्याच्या तोंडाची एक बाजू हसली.

"नलूची... माय," तो म्हणाला. शब्द ओल्या चिखलातून पाय काढावा तसे एकेक निघत. "पोरगी?"

"माह्या मायजवळ हाये. आंबे खाते दिवसभर." ती खाटेच्या कडेला बसली. मग पदराखालून दोर काढला. "आयकलं काय? आज एकतीस तारीख हाये. सगळ्यायची निघाली. आपलीच राहिली."

त्यानं दोराकडे पाहिलं. तो ढिवराचा होता. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"नुसता हात लावा," ती म्हणाली. "बाबाजीनं सांगतलं. हात तुमचाच धरतीन."

"नाई."

"नाई कायले?"

"मी... येतो." डाव्या हाताची मूठ त्यानं चादरीवर आवळली, चुकून दोराला लागू नये म्हणून. "मी... उपटतो."

"कधी उपटसान? आज साहेब येनार हाये. परवाना गेला तं पुढच्या साली आपन खाऊ काय, तलावाची माती?"

"येतो," तो म्हणाला. आणि रागानं नाही, तर लहान पोरानं हट्टानं तोंड फिरवावं तसं त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. दुसरा डोळा कोरडाच, नुसता उघडा.

पंचफुलेनं दोर पुन्हा पदराखाली घेतला. इथं कबूल करवून घ्यायचं म्हणजे त्याच्या तोंडून त्याचं संपलेपण वदवून घ्यायचं. तिनं त्याच्या पायावरून हात फिरवला, उशी सारखी केली, चमच्यानं पेज भरवली. पेज अर्धी तोंडात गेली, अर्धी गळ्यावर ओघळली. दुपारच्या उकाड्यात त्याचे डोळे मिटले. श्वास जड झाला.

तेव्हा तिनं ते केलं. चादरीखालून त्याचा उजवा हात बाहेर काढला. तो हात थंड नव्हता, गरम नव्हता. दुसऱ्या कोणाचा ठेवायला दिल्यासारखा होता. या हातानं मेढ रोवली होती. आडव्या वाऱ्यातही ती हलली नव्हती. तिनं एकेक बोट उघडलं, दोर तळव्यात ठेवला आणि बोटं पुन्हा मिटली. बोटं मिटून राहिली नाहीत. तिनंच आपल्या मुठीत ती मूठ धरून ठेवली. मनात दहापर्यंत मोजलं. मग हळूच दोर ओढून घेतला.

तो जागा झाला नाही. तिला वाटलं, चोरी केली. नवऱ्याच्याच उशाशी बसून, नवऱ्याच्याच वस्तूची.

हिंगणीच्या फाट्यावर मोटार चार वाजता पोचली. तिथून ती जवळपास पळतच निघाली. दिवस बुडायला अजून कितीतरी वेळ होता. तलावाच्या पाळीवर चढली आणि थांबली.

गाळ सपाट होता.

खाली शकुबाई बसलेली दिसत होती, पण आता कशाच्या सावलीत नव्हती. नत्थूजी, लहानू आणि दोन-चार बाया बाजूला उभ्या. गाळात ट्रॅक्टरच्या चाकांचे दोन ओले पट्टे येऊन परत गेले होते.

लहानू पुढे आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"साहेब दुपारीच आला, वहिनी. ट्रॅक्टर घेऊनच आलता. म्या म्हनलं, दिवस बुडेपर्यंत थांबा, बाई दवाखान्यात गेली. साहेब म्हने, एका लाकडापायी माह्यावर रिपोर्ट जाईन. मले दुसरीकडं जायचं हाये. म्या खूप म्हनलं, वहिनी." मग खालच्या आवाजात म्हणाला, "साखळी म्या बांधली. तुमच्यातलं कोनी हात लावे ना."

पंचफुला गाळात उतरली. मेढ आडवी पडली होती, पण पुरती नाही. जमिनीच्या जरा खाली ती मोडली होती. फाटलेल्या टोकाचा आतला गाभा पांढराशुभ्र, ओल्या वासाचा. खालचा पाय अजून गाळातच होता.

"निंगाली नाई," शकुबाई म्हणाली. दिवसभराच्या उन्हानं तिचा आवाज वाळला होता. "वढली, वढली अन् मोडली. माह्या पोरानं रोवली होती, निंगते काय?"

पंचफुलेनं दोर हातात तसाच धरला होता. ती नत्थूजीकडे वळली.

"बाबाजी, आता ही उपटली असं धरतात काय?"

नत्थूजीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो वाकला, मोडलेल्या तोंडावरून बोट फिरवलं, जसा वैदू जखम पाहतो. "उपटली असती कोनी तं सांगितलं असतं," तो म्हणाला. "ही उपटली नाई. मोडली. मोडल्याचं आपल्यात कोनी काई सांगून नाई गेलं."

"मंग मी काय करू?"

"मले मालूम नाई, बाई."

तिनं असं उत्तर नत्थूजीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बाजूच्या बायांपैकी सुमित्राबाईची नजर पंचफुलेच्या मनगटावर गेली आणि पटकन दूर झाली. पंचफुलेनं दोन्ही हात पदराखाली घेतले. एकीनं सुचवलं, खणून काढा उरलेली. दुसरी म्हणाली, खणली तर ती कोणाच्या हातची? साहेबांचा हिशोब पुरा झाला होता. आडवं पडलेलं लाकूड काठावर ओढलं, की वर काहीच दिसणार नव्हतं. परवाना राहणार होता. लहानूनं तसं सांगितलंही, दोनदा, जसं काही तेच विचारलं होतं.

आठ दिवसांनी ती पुन्हा सेवाग्रामला गेली. नलूला या वेळी संगे नेलं. बापाचं वाकडं तोंड पाहून पोरगी आधी दारातच थबकली, मग खाटेवर चढून त्याच्या चांगल्या बाजूला बसली. खुशालचा आवाज जरा सुधारला होता. सिस्टर म्हणाली, कालपासून स्वतःहून पाणी मागतो.

"मेढ?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

वाटेत मोटारीत तिनं दहा उत्तरं जुळवली होती. आता त्यातलं एकही सापडेना. खिडकीबाहेर कडुलिंबाच्या फांद्या हलत होत्या. आभाळ वर्ध्याकडून गडद होत होतं.

"गाळातच हाये," ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा उजळला, की दोन्ही बाजू एक झाल्यासारखं तिला वाटलं. "म्हनलं... होतं नं?"

"हो."

"साहेब?"

"काई नाई म्हनला."

खुशालनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. त्याच्या बोटांकडे तो एकटक पाहू लागला. बऱ्याच वेळानं करंगळी हलली, की तिला हलल्यासारखी वाटली. "पाहा," तो म्हणाला, "पाहा. पानी चढाच्या आंदी... येतो मी."

"पानी तं चढून राह्यलं बाबा," नलू म्हणाली, "काल पावसात तं –"

पंचफुलेनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "पाऊस इकडं झाला. आपल्याकडं अजून नाई. आपलं पानी थांबलं हाये."

नलूनं मायच्या तोंडाकडे पाहिलं.

"थांबते," खुशाल म्हणाला, आणि पुन्हा त्या करंगळीला हलवायला बसला.