राधाबाईंनी निवडलेली सायकल

राधाबाई गमरे सायकल शिकल्या तेव्हा त्यांचं वय एकतीस होतं. गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष होत आलं होतं. नवरा बुधाजी परळच्या गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, कामाला होता. संप मिटेल या आशेवर त्याने पहिलं वर्ष काढलं, दुसऱ्या वर्षी ती आशाही राहिली नाही. मग राधाबाईंनी घरात डबे करायला घेतले. गिऱ्हाइकं मिळाली ती गिरगावातली, छापखान्यातले नि पेढ्यांवरचे कारकून. पोचवायला माणूस ठेवणं परवडणारं नव्हतं. घरात बुधाजीची काळी सायकल होती, ती घेऊन त्या चार दिवस पहाटे मैदानात पडल्या-धडपडल्या आणि पाचव्या दिवशी डबे लावून निघाल्या.

त्या काळात परळच्या चाळीत काष्टा घालून सायकल चालवणारी बाई दुसरी नव्हती. लोक गॅलरीत येऊन बघत, काही हसत. बुधाजी कधी हसला नाही, अडवलंही नाही. पण या गोष्टीबद्दल तो कुणाशी एक अक्षर बोलला नाही. राधाबाई अकरा वर्षं बावीस डबे घेऊन चिंचपोकळीचा पूल चढत राहिल्या. कौसल्या पोटात होती तेव्हासुद्धा सहाव्या महिन्यापर्यंत त्या उतरल्या नाहीत.

ही कौसल्या सव्वीस वर्षांची झाली आणि शीवच्या एका शाळेत पीटी शिकवायला लागली, तेव्हा संपाला तीस वर्षं झाली होती. रविवारी मैत्रिणीची सायकल मागून ती कर्जतच्या बाजूला डोंगरात जायची. डिसेंबरात तिकडे बायकांची शर्यत होणार होती. बावीस किलोमीटर, सगळा कच्चा रस्ता, मध्ये दोन मोठे चढ. उसन्या सायकलवर शर्यत करायची नाही, असं तिने ठरवलं. दोन वर्षं बाजूला टाकलेले तीस हजार तिच्याकडे होते. दादरला दुकानात जाते म्हणाली, तर राधाबाई चपला घालून दारात उभ्या. मीपण येते, म्हणाल्या.

दुकानाचे मालक माधव चाळिशीचे, बोलायला गोड. त्यांनी राधाबाईंना पंख्याखाली स्टूल दिलं आणि सगळं बोलणं कौसल्येशी सुरू केलं. पहिलीच सायकल बाहेर काढली ती लालभडक, पुढेही स्प्रिंग, मागेही स्प्रिंग. किंमत एकोणतीस हजार पाचशे. खड्डा कळणारच नाही, ते म्हणाले. कौसल्येचा चेहरा उजळला. बजेटमध्ये बसत होती आणि दिसायलाही मैत्रिणीच्या सायकलहून भारी होती.

राधाबाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी सायकलच्या दांडीला हात घातला आणि ती उचलून पाहिली. वजन किती म्हणून विचारलं. सतरा किलो, माधव म्हणाले. त्यांनी सायकल खाली ठेवली, सीट हाताने दाबली, मागची स्प्रिंग खाली जाऊन वर आली. मग त्या कौसल्येकडे वळल्या.

"तू तिकडे दगडांवरून उड्या मारणार आहेस का?"

कौसल्या म्हणाली की उड्या नाहीत. चढ आहेत, मातीचे उतार आहेत, एक ओढा आहे. शिवाय आठवडाभर शाळेत जायलाही हीच सायकल.

"मग पायातला निम्मा जोर या स्प्रिंगला कशाला खायला घालायचा? चढावर तू दाबणार आणि ही खाली बसणार."

माधवनी प्रामाणिकपणे सांगितलं की मागची स्प्रिंग चांगली हवी तर लाखाच्या पुढे जावं लागतं. एवढ्या पैशात येते ती नुसती वजन वाढवते. त्यांनी लाल सायकल जागेवर नेऊन ठेवली आणि आता त्यांचं बोलणं दोघींशी सुरू झालं. फक्त पुढे स्प्रिंग असलेल्या दोन सायकली त्यांनी आणल्या. पांढरी सव्वीस हजारांची, करडी एकतीसची. गिअर दोन्हींना सारखेच, चढासाठी अगदी हलका गिअरही दोन्हींना. फरक ब्रेकचा. पांढरीला रिमवर घासणारे रबराचे, करडीला डिस्कचे, चाकाच्या मधोमध बसवलेल्या चकतीला धरणारे. कौसल्या पांढरीकडे झुकली, कारण उरलेल्या पैशात हेल्मेट येत होतं.

राधाबाईंनी विचारलं, रबर भिजलं की काय होतं? आणि माधव उत्तर देण्याआधी त्यांनीच सांगितलं. एका पावसात परळजवळ हिंदमाताच्या चौकात गुडघाभर पाणी होतं. त्यातून सायकल बाहेर काढून त्या बसल्या, तर समोर टॅक्सी थांबली आणि ब्रेक दाबला तरी चाक फिरतच राहिलं. त्यांनी दोन्ही पाय रस्त्याला लावले. चपलेचे तळ फाटले, अंगठ्याचं नख गेलं, पण डबा एकही सांडला नाही.

"ओढा आहे म्हणतेस ना? मग ही करडी घे. वरचे हजार आणि हेल्मेट मी देते."

माधवनी करडी कौसल्येच्या हातात दिली. ती दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली. ती पाच फूट एक इंच, सायकल अठरा इंची फ्रेमची. दांडी अंगाला लागत होती आणि हँडल धरताना हात ताणले जात होते. माधव म्हणाले, याच मापाची शिल्लक आहे, सीट खाली करून देतो, सवय होईल. कौसल्या चालेल म्हणणार होती.

"सीट खाली केल्याने दांडी आखूड होत नाही," राधाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी अकरा वर्षं पुरुषाच्या मापाची सायकल चालवली. दुसरी नव्हती म्हणून चालवली. माझी कंबर आजपण दुखते. हिला हिच्या मापाची पाहिजे."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. माधवनी फोन लावला. पंधरा इंची आठ दिवसांनी येईल म्हणाले. राधाबाई म्हणाल्या, येऊ दे, डिसेंबर लांब आहे. निघताना माधव दारापर्यंत आले आणि त्यांनी विचारलं, "मावशी, किती डबे न्यायचात?" बावीस म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

नव्या सायकलवर कौसल्येने अडीच महिने सराव केला. शर्यतीच्या दिवशी बुधाजी आणि राधाबाई पहाटेच्या एसटीने कर्जतला पोचले. बुधाजी आता सत्तरीला आले होते, गुडघे धरले होते, तरी दुसऱ्या चढाच्या माथ्यापर्यंत ते काठी टेकत गेले. एकोणीस बायका होत्या. तो चढ असा, की बऱ्याच जणी खाली उतरून सायकल ढकलत होत्या. कौसल्या बसूनच आली. अगदी हळू, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पण पाय एकदाही जमिनीला न लावता. पुढच्या सहा जणींपैकी तिघींना तिने त्या चढावर मागे टाकलं. माथ्यापासून थोडं पुढेच शर्यत संपत होती, तिथे ती चौथी आली. पदकं तिघींना होती. ती घामाने निथळत आईबापासमोर आली, "चौथी," म्हणाली आणि हसत सुटली.

तिथे पुण्याहून आलेलं एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या गृहस्थांनी बुधाजींना सहज विचारलं, कोच कोण हो तुमच्या मुलीचा?

बुधाजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि राधाबाईंकडे बोट दाखवलं.

"तिची आई. सायकल हिनेच निवडली. संपात माझी गिरणी गेली तेव्हा ही परळहून गिरगावला सायकलवर डबे न्यायची. अकरा वर्षं. आमचं घर त्या सायकलवर चाललं."

राधाबाईंनी हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुण्याच्या बाई पुढे आल्या आणि विचारायला लागल्या की त्यांच्या मुलीलाही सायकल घ्यायची आहे, कुठली घ्यावी. राधाबाईंनी पदराने डोळे पुसले, त्या मुलीला जवळ बोलावलं आणि आधी तिची उंची विचारली.