मी बिघडले नव्हते

साहेब, तुम्ही खोटं बोललात, आणि त्या खोट्याचा मार मी खाल्ला.

मित्रांनो, मी एक जुनी, फुटकी मशीन आहे. मला एक लांब हात आहे आणि त्याच्या टोकाला लिंबाएवढा गोळा. बाईच्या छातीतली कर्करोगाची गाठ डॉक्टर कापून काढतात आणि त्या उघड्या, रक्ताळलेल्या खळग्यात माझा गोळा बसवतात. मग मी आतून किरण सोडते. गाठीचं काही मागे उरलं असेल, तर ते तिथल्या तिथे जाळते. काम जाळण्याचंच. पण त्याने कितीतरी जणींच्या किरण घ्यायला आठवडेच्या आठवडे माराव्या लागणाऱ्या रोजच्या खेपा वाचल्या. बऱ्या झालेल्या बायका माझ्यावरून हात फिरवून जायच्या.

मग ती आली. शाळेची बस चालवायची. घरी अंथरुणाला खिळलेली आई. रोज लांबच्या शहरात जाऊन किरण घेणं तिला जमणारच नव्हतं. टेबलावर आडवी होताना ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, एका फेरीत उरका. परत बोलावलंत तर भाडं लावीन."

तंत्रज्ञ भाऊंनी मला सकाळीच तपासून तयार ठेवलं होतं. ते आत गेले आणि तुम्ही, इस्पितळाचे मोठे साहेब, पाहुणे घेऊन आलात. माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढलात. जाताना नेहमीच्या सवयीने मला सुरू करायची किल्ली काढून खिशात घातलीत. तुमच्यामागे कुणी मला हात लावलेला तुम्हाला खपत नसे.

आत गाठ निघाली. मला ढकलत टेबलाशी नेलं. किल्लीची जागा रिकामी.

"साहेबांना फोन लावा."

"लावतोय, बाई. पाहुण्यांबरोबर जेवायला गेलेत. उचलत नाहीत."

तिची छाती उघडी. रक्ताने भिजलेल्या बोळ्यांचा ढीग वाढत चालला. शेवटी भूल देणारे म्हणाले, "आता बास. शिवून टाका." बाईंनी दात आवळून टाके घातले.

ती शुद्धीवर आल्यावर तुम्ही सांगितलंत, "मशीन ऐनवेळी बिघडली." भाऊंची नोकरी तुमच्या हातात, बाईंची बदली तुमच्या हातात. दोघं गप्प बसले.

रोजच्या खेपा तिला जमल्या नाहीत. गाठ परत आली. या वेळी अख्खा स्तन कापला, काखेतल्या गाठीही खरवडून काढल्या. त्या बाजूचा हात वर जाईना. बस चालवणं सुटलं.

एके दिवशी ती चाकाचे नट खोलायचा लोखंडी पाना घेऊन आली. भाऊ आडवे आले.

"सरका, भाऊ. तुमच्याशी माझं भांडण नाही."

पहिल्या घावात माझी काच फुटली, दुसऱ्यात मान मोडली. "माझ्याच वेळी बिघडलीस काय," ती म्हणत होती आणि हाणत होती. काचा तळहातात घुसल्या, तरी थांबली नाही. माझ्या गोळ्याला तिचं रक्त लागलं ते असं. शिपायांनी तिला जमिनीवर पाडून हात पिरगाळले. तोच कापलेल्या बाजूचा हात.

मित्रांनो, मशीन पुसा, तपासा, जपा. पण ती जिच्यासाठी केली, तिच्या आड येऊन उभे राहू नका. मला फोडल्याचा राग नाही. तिने चुकीच्या मानेवर घाव घातला, एवढंच.

उद्या तिला कोर्टात उभं करणार आहेत, मशीन फोडली म्हणून. साहेब, साक्षीला तुम्ही आहात. तिच्या तोंडाकडे बघा आणि सांगा: त्या दुपारी किल्ली कुणाच्या खिशात होती?