अकरा महिन्यांची शिकाऊ

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तेरा मुलं-मुली एकाच दिवशी रुजू झाली, तेव्हा रोजगार खात्याचे साहेब स्वतः आले होते. त्यांनी सगळ्यांना योजना समजावून सांगितली. आयटीआय झालेल्यांनी अकरा महिने कारखान्यात काम शिकायचं, विद्यावेतन सरकार देणार, कारखान्याने फक्त शिकवायचं. सटाण्याजवळच्या खेड्यातून आलेल्या दीपमाला अहिरेला त्यात कुठे खोट दिसली नाही. टर्नरच्या कोर्सला ती वर्गात पहिली आली होती.

तिला सीएनसी लेथवर, धातू कातायच्या संगणकी मशीनवर टाकलं, अब्बास शेख यांच्या हाताखाली. अब्बास ठेकेदाराच्या पटावर होते, पण त्या मशीनवर सोळा वर्षं तेच होते. पन्नाशी ओलांडलेला, मोजकं बोलणारा माणूस.

"आठ दिवस कशाला हात लावायचा नाही," त्यांनी पहिल्याच सकाळी सांगितलं. "नुसतं ऐक. मशीन दुखतं तेव्हा आवाज बदलतो."

तिने ऐकलं. नवव्या दिवशी अब्बासचाचांनी तिला मशीनसमोर उभं केलं आणि पुढचे चार महिने हातचं काही राखलं नाही. जॉब, म्हणजे कातायचा धातूचा तुकडा, चकच्या जबड्यात किती घट्ट धरायचा, ड्रॉइंगमधली कुठली मापं आधी बघायची, टूलची धार गेलेली कशी ओळखायची. कधी जेवणाची सुट्टी शिकवण्यातच जायची, मग डबा उभ्याउभ्या संपवायचे. एकदा तिच्या हातून पंधरा जॉब बाद झाले, तेव्हा सुपरवायझर अश्विन निकम तावातावाने आला. "माझ्याकडून झालं," अब्बास म्हणाले आणि पुढचा जॉब लावायला वळले.

पाचव्या महिन्यात एका सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाहीत.

"चाचा आजारी आहेत का सर?" तिने अश्विनला विचारलं.

"ठेकेदाराने कमी केलं. तू चालव ना आता, तुला येतं."

तिने दोनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा तिने लावला नाही, कारण मशीन आता एकटीच्या हातात होतं आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. गावी आईला, भागीबाईला तिने कळवलं. "कायम करतील ना तुले?" आईने विचारलं. "करतील," ती म्हणाली. ते मशीन चालवणारं दुसरं कुणी त्या पाळीला नव्हतंच.

दहाव्या महिन्यात मॅनेजरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"पुढची बॅच आली आहे. एक मुलगी तुझ्या हाताखाली देतो. महिन्याभरात तयार कर."

"आणि माझं सर?"

"तुझे अकरा महिने संपतायत. तुला सर्टिफिकेट मिळेल."

"पण मशीन तर मीच चालवते."

"म्हणून तर तुला सांगतोय. पोरगी तयार झाली नाही, तर तुला दोन-तीन महिने ठेवावंच लागेल. पण तशी वेळ आणू नकोस." ते सहज हसले. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

नवी मुलगी स्नेहल पगारे, मनमाडची. कोरी वही घेऊन आली होती. "ताई, चुकले तर ओरडा," ती म्हणाली, "पण सांगा."

त्या रविवारी दुपारी दीपमाला पत्ता शोधत वडाळा गावात गेली. दार अब्बास यांच्या बायकोने, जहिदाने उघडलं. दीपमालाचं नाव ऐकून ती आत वळून म्हणाली, "तुमची शागीर्द आली आहे."

अब्बास आता इंदिरानगरच्या एका सोसायटीत वॉचमन होते. ड्युटीला निघायच्या तयारीत होते, अंगात निळा शर्ट होता. दीपमालाने सगळं सांगितलं आणि विचारलं, "चाचा, तुम्हाला माहीत होतं? माझ्यामुळे तुम्हाला काढणार म्हणून?"

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मॅनेजरसाहेबांनी. पोरीला नीट तयार केलं तर बदल्यात दुसऱ्या प्लांटला घेऊ म्हणाले."

"घेतलं नाही?"

"तू बघतेच आहेस." त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "त्यासाठी शिकवलं मी तुला. प्रेमाने वगैरे नाही. सुरुवातीला तरी नाही."

"मग मी आता काय करू? स्नेहलला शिकवू की नको?"

"ते मला विचारू नकोस." ते चप्पल घालायला वाकले. "मी शिकवलं, माझं काम गेलं. नसतं शिकवलं तरी गेलं असतं. तुझं तू बघ."

जहिदाने पाणी आणलं, तोवर ते निघून गेले होते.

दीपमालाने स्नेहलला शिकवलं. ड्रॉइंग शिकवलं, चक शिकवला, आवाज ऐकायला लावला. एकच गोष्ट सांगितली नाही. टूल बदललं की त्याची लांबी बदलते. नवं माप मशीनला द्यावं लागतं आणि पहिला फेरा जॉबपासून लांब, हवेत चालवून बघावा लागतो. टूल बदलायची वेळ आली की दीपमाला स्नेहलला स्टोअरमध्ये पाठवायची आणि ते स्वतः उरकायची. रोज ठरवायची, उद्या सांगू.

चौथ्या आठवड्यात दीपमाला डबा खायला गेली असताना टूलची धार गेली. काम थांबू नये म्हणून स्नेहलने नवं टूल लावलं आणि बटण दाबलं. आवाज कँटीनपर्यंत आला. टूल फिरत्या चकवर आदळलं होतं, चकचा जबडा तुटला होता. स्नेहलला लागलं नाही. पण मशीनचं दार बंद असलं तरी त्याच्या काचेला तडा गेला होता, तिच्या चेहऱ्यासमोरच.

"हिला टूलचं माप द्यायला शिकवलं होतंस?" अश्विनने सगळ्यांसमोर विचारलं.

 स्नेहलने दीपमालाकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, हेच दीपमालाला पुढे कित्येक दिवस सोसवलं नाही.

"शिकवलं होतं सर," दीपमाला म्हणाली.

"मी विसरले असेन," स्नेहल हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्नेहलचं नाव कमी झालं. यादीत आणखी मुलं होती. दीपमालाला तीन महिने वाढवून मिळाले. ते संपले तेव्हा तिच्या जागी योजनेतलाच एक मुलगा उभा राहिला. त्याला अश्विननेच शिकवलं होतं. खात्याच्या साहेबांनी फॉर्म भरून घेतला. प्रशिक्षण पूर्ण झालं का, या प्रश्नापुढे त्यांनी स्वतःच 'हो' लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. तिने सही केली.

आता ती सातपूरला दुसऱ्या कारखान्यात आहे. योजनेचं नाव वेगळं, काम तेच, पद शिकाऊ. मागच्या महिन्यात स्नेहलचा मेसेज आला. ती मनमाडला साड्यांच्या दुकानात लागली होती. तिने विचारलं होतं, "ताई, तुम्ही कायम झालात का?"

दीपमालाने 'हो' लिहून पाठवलं.

"वाटलंच होतं," स्नेहलचं लगेच उत्तर आलं. "तुमच्याइतकं नीट मला कुणीच शिकवलं नव्हतं."