शेकोटीचा वेळ

मोन्तेविदेओ शहरातल्या बार्रिओ सूर या वस्तीत ढोल आधी शेकतात, मग वाजवतात. रस्त्याकडेला खोकी-फळ्या पेटवायच्या, भोवती ढोल मांडायचे, आणि चामडं ऊब खाऊन ताठ होईस्तोवर कुणी कुणाला घाई करायची नाही. यामिला त्या धगीशेजारीच वाढलेली. म्हणून कार्निवलच्या मिरवणुकीत ढोलपथकांना गुण देणारा प्रोग्राम ती नोकरीला असलेल्या कचेरीत तपासायला आला, तेव्हा तिचं बोट नेमकं दुखऱ्या जागी पडलं.

प्रोग्राम बाहेरच्या कंपनीचा. त्यातला ‘पथक’ नावाचा क्लास, म्हणजे साचा, प्रत्येक पथकाचा हिशेब ठेवी, आणि त्यातली ‘उशीर’ ही मेथड, म्हणजे हाक मारली की हिशेब करून उत्तर देणारा तुकडा, पथक रस्त्यावर आल्या क्षणापासून घड्याळ चालवी. जितका उशीर, तितका गुणांचा दंड. शेकोटी पेटली, शेकोटी विझली, अशी बटणं पंच दाबत. ‘उशीर’ त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. गेल्या वर्षी तिच्या वाल्देमारमामाचं पथक त्यापायीच तळाला गेलं. यंदाही गेलं, तर मिरवणुकीतून बाद.

“मूळ क्लासला हात लावायचा नाही,” तिचे वरिष्ठ बेरुत्ती ‘माते’ या कडू चहाचा घोट घेत म्हणाले. “त्याच्यापासून आईचे गुण घेणारी लेक-क्लास काढ. तिच्यात काय हवं ते लिही.”

“काढली होती. लेक गुणाची निघाली, पण तिला बोलावतंय कोण? प्रोग्राम दर पथक आईच्याच साच्यातून पाडतो, आणि जिथे पाडतो ती जागा कंपनीने कुलूपबंद केलीय.”

“मग कंपनीला कळव.”

“कळवलं. म्हणाले, ढोल घरून तापवून आणा.”

बेरुत्तींना हसू आवरेना. “एवढं सगळं मामासाठी चाललंय ना?”

“मामासाठी आहेच. मामाशी उभा दावा मांडलेल्या, शेजारच्या वस्तीतल्या त्या पालेर्मोवाल्यांच्या पथकासाठीही आहे. आग काय एकट्या मामाची आहे?”

ती खुर्चीत नीट बसली. साचा एकदा चालू झाला की कंपनीच्या फाइलीला हात न लावताही त्यातली मेथड बदलता येते, नवी लेक जन्माला घालावी लागत नाही. तिने जुन्या ‘उशीर’ला वेगळं नाव देऊन अलगद बाजूला बसवलं, आणि ‘उशीर’ या नावाखाली नवी मेथड उभी केली. नवीने आधी जुनीला विचारायचं, तिचं मोजमाप मानाने घ्यायचं, मग त्यातून शेकोटीचा वेळ वजा करायचा. साचा तोच, हाक तीच. उत्तर तेवढं बदललं.

मग तिने गेल्या वर्षीच्या नोंदी त्यातून फिरवल्या. मामाचा दंड गेला. पालेर्मोवाल्यांचाही गेला. जे खरोखर रेंगाळले होते, त्यांचा मात्र तसाच राहिला.

“काढून टाक ते,” बेरुत्तींचा आवाज उतरला. “दुसऱ्याच्या क्लासमध्ये असं शिरतात का? कुणी विचारलं तर काय सांगू?”

“माझं नाव सांगा. माझ्या फाइलीत सगळ्यात वर लिहिलंय. काय बदललं, का बदललं, तेही.” तिने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. “काढायचं तर तुम्ही काढा. आणि मग आमच्या गल्लीत येऊन मामाला तोंडावर सांगा, यंदा थंड चामड्यावरच वाजव म्हणून.”

बेरुत्तींनी कीबोर्डला हात लावला नाही.

“कंपनीने नवी आवृत्ती पाठवली की मोडेल हे.”

“पुन्हा घालीन.”

“दरवर्षी घालत बसणार?”

“ते दरवर्षी विसरणार असतील, तर दरवर्षी.”

तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि प्रोग्राम पंचांकडे पाठवून दिला.